नेदरकोममधून बाहेर

आमचं नेदरकोम हे खेडं दरीत आहे. वरच्या मोठ्या रस्त्यावरून एक अरुंद वाट उंच कुंपणांमधून खाली उतरते, चर्च, पब आणि पंधरावीस घरं ओलांडते आणि डेरिक व्हाउल्सच्या गोठ्यापाशी संपते. समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे सरायचं, आणि कुणी सरायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

गावातून सुटणारी मंगळवारची एकुलती बस बंद झाली तेव्हा बाकी कुणाचं अडलं नाही, अडलं ते म्युरिएल टॅपस्कॉटचं. ती माझी शेजारीण, सत्तरी उलटलेली. आयुष्यभर गाडी चालवली ती तिच्या नवऱ्यानं, सिरिलनं, आणि तो तर आदल्याच वर्षी गेला.

"त्यात काय एवढं, आम्ही आहोत ना," सगळे म्हणाले, आणि होतेही. कुणी तिला बाजारात न्यायचं, कुणी दातांच्या डॉक्टरकडे. गुरुवार माझा. फक्त गाडीत बसलं की "आज कुठं?" याचं उत्तर द्यावं लागायचं, आणि ते उत्तर तिच्याआधी पबमध्ये पोचायचं. एकदा तिनं नवा चष्मा करायला टाकला. तो हातात यायच्या आतच लोक तिला सांगून गेले की तपकिरी कडा तुला शोभायच्या नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी ती कुणाला न सांगता पायी निघाली. चर्चमागून डेरिकच्या कुरणातून टेकडीवर पायवाट जाते, वर मोठ्या रस्त्यावर टाँटन शहराची बस मिळते. पण कुरणाच्या फाटकाशी गाईंनी नुसता चिखल करून ठेवला होता. त्यात तिचा एक बूट रुतला, तो काढायला जाते तर दुसरा. गाई भोवती गोळा होऊन बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं डेरिक ट्रॅक्टर घेऊन आला.

"कुठं निघालीस, म्युरिएल?"

"जरा फिरायला."

"चांगला कोट घालून? पर्स घेऊन?"

त्यानं तिला उपसून काढलं, ट्रॅक्टरवर बसवलं आणि पबवरून घरी आणलं. संध्याकाळपर्यंत तिच्या ओट्यावर तीन घरचं सूप येऊन पडलं. "मागायला लाज कसली गं?" म्हणून जो तो तिच्यावर प्रेमानं रागावून गेला.

त्या गुरुवारी गाडीत ती म्हणाली, "बेरिल, टाँटनला एक फ्लॅट बघायचाय. दोनच खोल्या आहेत, पण खाली बसथांबा आहे. कुणाला बोलू नकोस."

"अगं, पण इथं तुला काय कमी आहे?"

"काही नाही. पण पाव आणायचा झाला तरी आधी तुमची तोंडं बघावी लागतात, आज कुणाला सवड आहे ते. जीव गुदमरतो माझा."

मी तिला घेऊन गेले. फ्लॅट तसा साधाच होता. ती खिडकीशी इतका वेळ उभी राहिली की दाखवायला आलेली मुलगी किल्ल्या वाजवायला लागली. परत येताना म्युरिएल गुणगुणत होती. सिरिल गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

मग तिच्या दारात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. गाव सभ्यपणे वागलं. "तुझी मर्जी," म्हणालं. ब्रिस्टलहून, लंडनहून जोडपी आली. बागेत उभं राहून फोटो काढायची, आता फोनच करतो म्हणायची, आणि पुढं काही नाही. उन्हाळा असाच गेला. टाँटनचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला.

मला राहवेना. सप्टेंबरमध्ये मी डेरिकला त्याच्या गोठ्यात गाठलं. येणारी माणसं वाट चुकून त्याच्याच दारात येऊन गाडी वळवायची.

"तू त्यांना काय सांगतोस रे?"

"खरं तेच. ओढ्याला पूर आला की पाणी टॅपस्कॉटांच्या स्वयंपाकघरात शिरतं."

"आणि शेवटचं कधी शिरलं?"

"मी शाळेत होतो तेव्हा. ते कुणी विचारलं नाही." तो दुधाची बादली धूत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिरिलला शब्द दिलाय मी, तिच्याकडे बघेन म्हणून. तिथं शहरात ती पडली तर उचलणार कोण?"

मी ते म्युरिएलला सांगितलं. "फ्लॅट तर गेलाच आता," ती म्हणाली. पाटी तिनं स्वतःच उपटली आणि शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली.

ऑक्टोबरमध्ये पहिली थंडी पडली तशी डेरिकनं तिच्याकडे जळणाची लाकडं आणली. दरवर्षी तोच आणतो, दुसरं कुणी इतक्या खाली येत नाही. मी कुंपणापलीकडे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. त्यानं लाकडं रचून दिली आणि दारात घुटमळत उभा राहिला.

"पुराचं मला ठाऊक आहे, डेरिक," म्युरिएल म्हणाली.

त्यानं टोपी हातात घेतली. "बेरिलनं सांगितलं वाटतं."

"हो." ती दारातून बाजूला झाली. "ये आत. बूट बाहेर काढ. आणि सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला कुणी आहे का बघ."

"मीच येतो," तो म्हणाला.