उसवायची नाही अशी शिवण

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बाही वर सारून रांगेत उभी होती आणि निर्धूर बाबा प्रत्येकाच्या दंडावर काळ्या कापडाची चकती चिकटवत होते.

“तुम्ही सिगारेट ओढत नव्हता, धुराचं भूत तुम्हाला ओढत होतं,” असं म्हणून बाबा स्वतःच्याच वाक्यावर खूश होत, डोळे मिटत. “या कवचानं दुपार होईतो भूत झोपी जाईल. उद्या जुनं आणा, नवं न्या. आयुष्यभर. आणि शिवण उसवायची नाही. उसवलीत की ते सुटलंच.”

शंका घेणाऱ्याचं कवच काढून बाबा त्याला तिथंच बसवून ठेवत. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्याच्या खोकण्यावरही वसकन ओरडू लागे. “दिसलं?” बाबा विचारत. गर्दी हात जोडे.

शिंपीमास्तरांनी तर ते स्वतः अनुभवलं होतं. तरुणपणापासूनची सिगारेट सुटली, हे खरं. पण एक दिवस कवच बदलायचं राहिलं आणि त्यांनी एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. शिवाय रोज रात्री भलभलती स्वप्नं. बाबा म्हणाले, “तुझी बहीण डॉक्टर ना? भूत तिच्या जिभेवर बसलंय. तिला उंबरठा ओलांडू देऊ नकोस.”

आई गेल्यावर ज्या ताईनं मास्तरांना वाढवलं, ती तेव्हापासून दुकानाच्या पायरीवर डबा ठेवून परत जायची. मास्तर मान वर करत नसत.

एका सकाळी जुनं परत द्यायचं म्हणून त्यांनी कवच काढून ठेवलं. पण हाताला चैन नव्हती. बसले, उठले, पुन्हा बसले. नजर कवचाच्या कडेवर गेली. एक टाका लांब, एक आखूड. असली शिवण! भूत राहिलं बाजूला, हे बघवेना. नीट शिवून तरी देऊ, म्हणून त्यांनी कात्रीचं टोक घातलं आणि श्वास रोखला.

बाहेर काहीच आलं नाही. कापडाखाली कातडीच्या रंगाची एक पट्टी होती. तिच्यावरची अक्षरं कुणीतरी खरवडली होती.

पायरीवर डबा वाजला.

“ताई, आत ये,” मास्तर म्हणाले. “हे काय आहे गं?”

ताईनं पट्टी उजेडात धरली. “निकोटिनची पट्टी. आमच्या दवाखान्यात देतो आम्ही.”

“मग ते भूत?”

“तुझ्या भाषेत सांगते. मेंदूत निकोटिनचं बटण बसेल अशी काजं असतात. तू वर्षानुवर्षं बटणं पुरवलीस, मेंदूनं काजं वाढवली. आता बटण आलं नाही की तगमग, चिडचिड, कशात लक्ष नाही. पट्टीतलं निकोटिन कातडीतून हळूहळू झिरपतं, म्हणून दुपार होईतो बरं वाटू लागतं.”

“आणि स्वप्नं?”

“रात्री पट्टी असली की काहींना पडतात. त्यात माझ्या जिभेचा दोष नाही.”

मास्तर ओशाळले. “म्हणजे औषध तर खरंच आहे.”

“औषध खरं, बाबा खोटा. आम्ही पट्टीची ताकद उतरवत नेतो. काही आठवड्यांत काजं कमी होतात, पट्टीही सुटते. तू सुटावंस हे त्याला नकोच आहे, त्याची रांग ओसरेल ना.”

मास्तर तसेच सभागृहात गेले आणि पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

“उसवलंस?” बाबा गरजले. “आता बघ ते काय करतं.”

“करतंय ना, सकाळपासून. हाताला चैन नाही, तुमच्यावर ओरडावंसं वाटतंय. पण त्याला नाव आहे, बाबा, आणि ते या पट्टीवर छापलेलं होतं. तुम्ही ते खरवडलंत कशाला?”

बाबांनी डोळे मिटले. या वेळी ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. मागे रांगेत कुणाच्या तरी कवचाचा धागा टचकन तुटला. मग आणखी एक.

दुपारी मास्तरांनी त्या सदऱ्याची उजवी बाही कापली. जरा वाकडीच आली. ताई आत, यंत्राजवळच्या स्टुलावर बसली होती.

व्यसन सुटताना होणारी तगमग खरी असते. तिला भूत म्हटलं की ती बाबाच्या हाती जाते, आणि तिचं खरं कारण कळलं की तिच्यावर उपाय सापडतो. म्हणून कुणी ‘उसवू नका’ म्हणालं, तर आधी तीच शिवण उसवून पाहा.