कठडा

"समोर काय आहे गं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

सिस्टरने वळणावर कॅम्परव्हॅन थांबवली. समोर अख्खा समुद्र पसरला होता. कड्याखाली गडद निळा, पुढे हिरवट, आणि लांबवर दोन पांढरी शिडं. डाव्या हाताचा डोंगरउतार पिवळ्या रानफुलांनी भरून गेला होता.

"धुकं आहे," सिस्टर म्हणाली. "काही दिसत नाही."

"आजही?"

"आजही. माझ्या हातात आहे का ते?"

मेट्रनबाईंनी मान डोलावली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांच्या गालावर उन्हाचा लख्ख पट्टा पडला. सिस्टरला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. तिने गियर टाकला आणि गाडी पुढे काढली.

आज तिसरा दिवस. पहिल्या दिवशी तिने दीपगृहाला पाण्याची टाकी करून टाकलं होतं. पांढऱ्याशुभ्र कड्यांचा सिमेंटचा कारखाना केला होता आणि बगळ्यांनी भरलेल्या खाडीला सरळ गटार म्हटलं होतं; उरलेल्या समुद्रावर धुकं घातलं होतं. मेट्रनबाईंना काचबिंदूने आता फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. जावयाची ही झोपायची सोय असलेली गाडी त्यांनी मागून घेतली आणि सिस्टरला फोन केला. "मला एकदा समुद्राच्या कडेने फिरव. तू सांगत जा, मी बघत जाईन." सिस्टर इतक्या पटकन हो म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

दोघी एकाच वर्षी नर्स झाल्या होत्या. वसतिगृहात एकाच खोलीत राहिल्या, एकमेकींच्या टोप्यांना इस्त्री केली. पुढे एक मेट्रन होऊन सन्मानाने निवृत्त झाली आणि दुसरी एकोणीस वर्षं लसीकरणाची गाडी हाकत गावोगाव धूळ खात फिरली. हे आपोआप झालं नव्हतं. एका दुपारी सात नंबरच्या खाटेवरून एक म्हातारा पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. सिस्टरने खाटेचा कठडा वर लावला होता. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासताना तो खाली घेतला आणि तसाच सोडून ते निघून गेले. समोरच्या खाटेशी मैत्रीण मलमपट्टी करत उभी होती. धावपळीत तीच पुटपुटली होती, "साहेबांनी वर केलाच नाही." आणि आठवड्याने चौकशीत विचारलं, तेव्हा टेबलाकडे बघत तीच म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

त्या चार शब्दांनी सिस्टर वॉर्डातून उठली. पण तेही तिने गिळलं असतं. म्हाताऱ्याच्या मुलीने दवाखान्याच्या फाटकात, सिस्टरच्या आईदेखत, "हिनेच मारलं माझ्या बापाला," म्हणून हंबरडा फोडला, ते मात्र गिळता आलं नाही. आई तिला कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत आईने औषध तिच्या हातून घेतलं नाही. गोळीची वेळ झाली की ती थोरल्या सुनेला हाक मारायची, आणि नर्स असलेली लेक तिथेच भाजी निवडत बसलेली असायची.

दुपारी पेट्रोल भरायला थांबल्या, तेव्हा मेट्रनबाईंनी पंपावरच्या माणसाला विचारलं, "इकडे धुकं फार पडतं का हो?"

"धुकं?" तो हसला. "महिनाभरात एकदाही नाही बघा."

सिस्टरचे कान तापले. मेट्रनबाई मात्र, "चहा मिळेल का कुठे?" एवढंच म्हणाल्या.

वाळूच्या कडेला गवतावर गाडी लावून सिस्टरने सरकतं दार उघडलं आणि मागची बाकडी जोडून पलंग केला. सासूबाई पडू नयेत म्हणून जावयाने पलंगाला उघडझाप करणारा लाकडी कठडा बसवून दिला होता. दोन दिवस सिस्टरने तो न चुकता वर लावला होता. आज तिने हात मांडीखाली दाबून ठेवले. पडू दे, तिला वाटलं. एकदा पडून बघू दे, म्हणजे कळेल.

"कठडा राहिला गं," आडव्या झालेल्या मेट्रनबाई म्हणाल्या.

"लावलाय."

"खट्ट आवाज नाही आला."

"कानही गेले वाटतं तुझे."

मेट्रनबाई छताकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या दिवशी आला होता. सात नंबरला. मी पाठमोरी होते, तरी तू लावलास तो ऐकला. आणि साहेबांनी खाली घेतला, तो या डोळ्यांनी पाहिला."

एकोणीस वर्षं स्टिअरिंगमागे बसून सिस्टरने या वाक्याची वाट पाहिली होती. त्यावर काय काय सुनवायचं, ते पाठ करून ठेवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"घाबरले होते, असं सांगणार होते तुला. पण ते खोटं आहे. मेट्रनची जागा रिकामी होत होती. मला ती हवी होती."

"आणि आता सांगतेस! माझी आई गेली. कोण उरलंय ऐकायला?"

"तू आहेस ना."

"मला माहीतच होतं गं!" सिस्टर ओरडली. किनाऱ्यावरचे पक्षी फडफडत उडाले.

मेट्रनबाईंनी हाताने पलंगाची उघडी कड चाचपली, पण त्या आत सरकल्या नाहीत. "धुक्याचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "धुक्यात ऊन एवढं चटकतं होय? पण म्हटलं, बोलू दे हिला. मी खोटं बोलले तेव्हा हिनेही ऐकून घेतलं होतं." मग अगदी हळू विचारलं, "आता एकदाच खरं सांग. काय आहे समोर?"

सिस्टरने दारातून पाहिलं. उडालेले पक्षी पुन्हा पाण्याच्या रेघेवर ओळीने उतरत होते. ओली वाळू चकाकत होती. दूर एक होडी वल्ह्यांच्या तालावर किनाऱ्याकडे येत होती. तीन दिवस लपवायचं म्हणून तिने सगळं इतकं नीट पाहिलं होतं की प्रत्येक गोष्टीसाठी शब्द तयार होते. ते ओठांपर्यंत आले. मग तिला आईचा औषधाचा डबा आठवला.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली.

मेट्रनबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली.

सिस्टर उठली. तिने कठडा वर ओढला. खट्ट वाजला. वॉर्डातल्या सवयीने तिने तो दोनदा हलवून पाहिला. पक्का बसला होता.

मग ती पायरीवर पाठ करून बसली आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत एकटीच समुद्र बघत राहिली.