एकाच नाकाची रांग

अरे, हसू नका, आधी ताईची पंचाईत तर ऐका! रविवारच्या बाजारात झाडाखालची कोपऱ्यातली जागा तिला चार रविवार आजमावायला मिळालेली, सूप-टोस्टच्या गाडीसाठी. चौथ्या रविवारी ठीक दहाला बाजाराचा मुकादम मोजायला येणार. समोर दहा गिऱ्हाइकं असली तर जागा कायमची तिची, नाहीतर शेजारच्या मोजेवाल्याची. आणि मोजेवाल्याने तर टेपने जागा मोजूनही ठेवलेली!

तीन रविवार गाडीकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. ताईने कारखान्यातली शिलाईची नोकरी सोडून ही गाडी घेतलेली. परत त्या मशिनीवर मान मोडायची? नाव नको!

मग तिने शक्कल लढवली. सगळं माहेर रांगेत उभं! आई, मावशी, दोन मामा आणि त्यांची सात पोरं.

"नुसतं उभं राहायचं," ताईने बजावलं. "गर्दी बघून गर्दी येते. खायचं मात्र नाही हं, सूप गिऱ्हाइकांचं आहे."

झालं! रांग हलेचना. थोरले मामा पुढे पोचले की मागे वळून म्हणायचे, "या ना, तुम्ही आधी." धाकटे मामा म्हणायचे, "छे छे, मान तुमचा." येणारेजाणारे बघायचे, "इथे दुपार होईल," म्हणायचे आणि चालू पडायचे.

दहाला दहा मिनिटं कमी. मावशीचे पाय दुखायला लागले, म्हणजे तोंडही सुरू झालं. "काय शिजवलंयस ते बघू तरी दे!"

"मावशी, झाकण नको! गार होईल!"

कारण ताईची पद्धत काय, तर पातेल्यावर झाकण, झाकणावर ओला फडका आणि फडक्यावर वीट. तीन रविवार हेच! मावशी कुणाच्या बापाचं ऐकते? उचलली वीट, काढलं झाकण. आणि मग काय सांगू! भाजलेला टोमॅटो, लसूण, मिरी, लोणी... वास सुटला तो थेट भाजीवाल्यांपर्यंत. माणसं पिशव्या सांभाळत धावत आली.

तेवढ्यात मुकादम. वही उघडली, चष्मा वर केला आणि एकेका चेहऱ्यापाशी थबकला. माहेरच्यांचं नाक म्हणजे पोपटाची चोच, लहानथोर सगळ्यांना तीच!

"अहो, हे नाक काय घाऊक आणलंत?" तो म्हणाला. "नातेवाईक धरत नाही मी. चला, चोची बाजूला!"

अकरा जण खाली माना घालून बाजूला. उरले नऊ.

ताईने पुन्हा मोजले, नऊच. आई पुढे सरसावली, "भाऊ, तुम्हीच उभे राहा की दहावे."

"मी ड्यूटीवर आहे, काकू." पण आवंढा गिळलाच त्याने.

इतक्यात मोजेवाला आला, हातात टेप. ताईला वाटलं, आला मेला मापं घ्यायला. तर तो गुपचूप रांगेच्या शेवटी!

मुकादम बघतच राहिला. "अरे, जागा तुला हवी होती ना?"

"हवी होती. पण सकाळपासून उपाशी आहे, साहेब," तो कळवळून म्हणाला. "ताई, मिरी जरा जास्त. आणि तीन रविवार हे दडवून का ठेवलं होतं हो?"

"दहा," मुकादमाने लिहिलं, वही मिटली आणि स्वतः अकरावा उभा राहिला.

"आता आम्ही खाऊ का गं?" थोरले मामा.

"मागे! रांगेच्या शेवटी!" ताई ओरडली, हातातली पळी न थांबवता.

ती वीट? ती आता पातेल्यावर नाही, गाडीच्या चाकाखाली असते.