नववा प्रश्न

"भूक कशी आहे, दादा?"

"बायको ठेवते तेवढी."

एरवी या उत्तरावर मामांनी टाळी मागितली असती. आज फॉर्मवर नुसती खूण केली. मानसोपचाराच्या त्या दवाखान्यात अठरा वर्षं पेशंटचे फॉर्म भरणारे मामा म्हणजे नंबरी वात्रट. नव्या डॉक्टरबाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी टोकन देऊन रांगेत बसवलं होतं. "रडत आलेला हसत आत पाठवला की अर्धं औषध बाहेरच लागू," ही त्यांची फुशारकी.

समोर बसलेला हा शिंपी मात्र त्यांच्या वरताण. मागच्या खेपेला त्यानं प्रत्येक प्रश्नाची अशी फिरकी घेतली की मामा हसून बेजार. त्या हसण्यातच त्यांनी नववा प्रश्न न विचारताच 'कधीच नाही'वर खूण करून टाकली. एवढ्या खिदळणाऱ्या माणसाला असलं काय विचारायचं?

त्यानंतर चौथ्या दिवशी शिंप्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. बायको विसरलेली पिशवी न्यायला परतली, म्हणून वाचला.

तेव्हापासून मामांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. खूण आपण आपल्या मनानं केली, हे सांगायला ते तीनदा डॉक्टरबाईंच्या दाराशी गेले आणि तिन्ही वेळा चहा हवाय का, विचारून परतले.

आठ प्रश्न झाले. आता नववा.

"दादा, मरून जावं असं मनात येतं का?"

शिंप्यानं फॉर्मवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मागच्या वेळी हा विचारला नव्हता, मामा."

"नव्हता."

"मी वाट बघत होतो. म्हटलं, विचारलं की सांगून टाकू. आपणहून कसं काढायचं? तुम्ही एवढे हसत होतात."

मामांनी पेन खाली ठेवलं.

"चुकलो, दादा."

"लिहा. 'काही दिवस'. परवा आलं होतं. लगेच बायकोला सांगितलं."

खूण झाली. मामांनी कपाटातून मागचा फॉर्म काढला, नव्याखाली ठेवला आणि उठले.

"थांबा." शिंप्यानं त्यांच्या शर्टाचं लोंबतं बटण दोन बोटांत धरलं, दोऱ्याला पीळ देऊन घट्ट बसवलं. "हं, जा आता."

मामांनी डॉक्टरबाईंचं दार वाजवलं.

"चहा नकोय, मामा," आतून आवाज आला.

"चहाचं नाही विचारत, मॅडम."