जोडीचे फॉर्म

"एक ओळ हो, एकच ओळ! पण सकाळपासून माझ्या डोक्याला नुसता ताप. पुरुषमंडळी टेबलावर हात आपटतायत. मी काय सांगू त्यांना, छापखान्यात जाऊन भांडा?"

कुरकुर प्लायवुडच्या आडोशापलीकडून येत होती, आणि आडोसा इतका पातळ की बोलणाऱ्याने मध्येच घेतलेला चहाचा घोटही अलीकडे ऐकू यावा. अलीकडे, खिडकीखालच्या टेबलाशी, भिंगताई प्रुफं वाचत बसली होती. छापखान्यात तिला सगळे भिंगताईच म्हणत. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि कानामागे लाल पेन्सिल, हे तिचे कायमचे दागिने. बारा वर्षांत तिच्या नजरेतून निसटलेल्या चुका तिला तोंडपाठ होत्या. चारच होत्या, पण चारही अधूनमधून स्वप्नात येत.

आवाज दवाखान्याच्या कारकुनाचा होता. एरवी हा गृहस्थ फॉर्म न्यायला येई तो हसत, आणि मशीनवाल्या काकांना गुडघेदुखीवर फुकटचा सल्ला देऊन जाई. आज गुडघ्यांची चौकशीसुद्धा नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

"भिंगताई, जरा इकडे या," मालकांनी हाक मारली.

टेबलावर दोन फॉर्म शेजारी शेजारी मांडले होते. पुढे मूल नको असेल तर जे ऑपरेशन करतात, त्याची ही संमतिपत्रं. एक बायकांचं, एक पुरुषांचं. पुरुषांच्या फॉर्मच्या तळाशी कारकुनाने बोट रोवलं होतं. बोटाखाली छापलं होतं: 'पत्नीची संमती व सही'.

"ही कुठून आली? आमच्या मूळ कागदावर नव्हती."

"मी घातली," भिंगताई म्हणाली. "गळली होती ना."

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. छापखान्याची रीतच होती ती. एकाच ठिकाणचे दोन जोडीचे फॉर्म आले की शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघायची. एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही अशी ओळ सापडली, की टाइप करणाऱ्याला डुलकी लागली असं समजून लाल पेन्सिलने भरून टाकायची. एका वर्षी एका शाळेच्या मुलींच्या फॉर्मवरून जन्मतारखेची ओळ गळली होती आणि निम्मा वर्ग वयाशिवाय शाळेत बसला, तेव्हापासूनची ही रीत. बायकांच्या फॉर्मवर तळाशी 'पतीची संमती व सही' होतं. या वेळी पहिल्यांदाच जोडीने आलेल्या पुरुषांच्या फॉर्मवर तिथे कोरी जागा. भिंगताईने ती भरली, बरोबरची खूण केली आणि पुढचं प्रूफ ओढलं.

"गळली नव्हती हो, मुळातच नव्हती!" कारकून कळवळला. "आज तीन जण परत गेले. एक तर काय तडकला! म्हणे ऑपरेशन माझं, अंग माझं, बायकोची परवानगी कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मशीनवाले काका हात पुसत दारात येऊन उभे राहिले होते. "बरोबर आहे की त्याचं," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," भिंगताई म्हणाली. तिने गळ्यातलं भिंग काढून बायकांच्या फॉर्मवर ठेवलं. काचेखाली 'पतीची संमती' चांगली बोटभर उंच झाली. "मग ही?"

"ते वेगळं."

"कसं?"

"ते पहिल्यापासून आहे."

"नियम आहे तसा?"

कारकुनाने रिकामा कप बाजूला सरकवला. "नियमात नाही," तो म्हणाला. "फॉर्मवर आहे."

भिंगताईने भिंग पुन्हा गळ्यात अडकवलं. तिच्या घरी, रेडिओखाली, हाच फॉर्म दोन महिने पडून होता. तिची मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. धाकट्याच्या वेळी ती मरता मरता वाचली होती, मूल न होण्याच्या गोळ्या सोसत नव्हत्या, आणि दर महिन्याचे शेवटचे चार दिवस ती जीव मुठीत धरून काढायची. फॉर्म वरपासून भरला होता, तळाची ओळ सोडून. नवरा 'नाही' म्हणाला नव्हता. तो 'बघू' म्हणाला होता. आणि दोन महिने तिने मनाची समजूत घातली होती, की शेवटी नवराबायको आहेत, दोघांनाही एकमेकांचं विचारत असतील. म्हणूनच पुरुषांच्या फॉर्मवरची कोरी जागा दिसल्यावर तिला क्षणभरही शंका आली नव्हती.

"हे बघा," मालक म्हणाले, "आमच्याकडे जोडी जुळावी लागते. वेगळे ठेवायचे असतील तर तसं लेखी द्या. बाईने नवऱ्याला विचारावं, पुरुषाने कुणालाही विचारू नये. एवढं एक वाक्य, खाली सही-शिक्का. लगेच छापायला घेतो."

कारकुनाने खिशातलं पेन काढलं. 'बाईने' असा शब्द लिहिला आणि थांबला. तोंडाने बोलताना जे वाक्य वर्षानुवर्षं सरळ वाटलं होतं, ते कागदावर उतरताना वाकडं दिसायला लागलं असावं.

"असं लिहून कसं देणार हो?"

"मग छापून कसं देणार?"

काका खोकल्याच्या निमित्ताने हसले. शेवटी कारकुनाने दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंचा आवाज मुळातच दणदणीत, त्यामुळे फोन एकट्याचा राहिला नाही.

"ती ओळ घातली कुणी?"

"छापखान्याने, मॅडम. पुरुषांच्या..."

"ती नाही. बायकांची."

"ती पहिल्यापासून आहे, मॅडम. नियमात नाही तशी."

मग बाईंचा आवाज आला, पण अर्धाच. "इतकी वर्षं बायका सहीसाठी घरी परत जातायत. काही पुन्हा आल्याच नाहीत. आणि मी तो फॉर्म कधी तळापर्यंत वाचला नाही." मग आवाज पुन्हा दणदणीत झाला. "दोन्हीकडून काढा. जुने फॉर्म येतील त्यांच्यावर खोडून घ्या. आणि तुमच्या त्या प्रुफं वाचणाऱ्या बाईंना सांगा, चूक छान केली."

"पाचवी," भिंगताई म्हणाली. पण ही स्वप्नात येणार नाही, याची तिला खात्री होती.

संध्याकाळी ती तीन जिने जवळजवळ उड्या मारतच चढली. मुलं खाली खेळायला गेली होती. सासूबाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होत्या. नवरा मुलांच्या गणवेशांना इस्त्री करत होता. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचा, आणि घरी आला की इस्त्री, भाजी, मुलांचे पाढे, कशालाच मागे नाही. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, ही तिची जुनी तक्रार.

तिने पर्ससुद्धा न ठेवता सगळी हकिकत सांगितली. कारकुनाचा आवाज काढला, मालकांच्या भुवया करून दाखवल्या. नवरा हसून हसून वाकला.

"कुक्कुलं बाळ म्हणाला? बरोबरच आहे गं त्याचं! स्वतःच्या अंगाला बायकोची सही आणायची म्हणजे..."

तो थांबला. इस्त्री हवेतच राहिली. सासूबाईंच्या हातातली शेंग टचकन फुटली.

"म्हणजे काय?" भिंगताईने अगदी हळू विचारलं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. रेडिओखालून फॉर्म काढला, झटकला, टेबलावर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. "करतो बाई सही. झालं? मी कधी नाही म्हटलं होतं का?"

दोन महिने ती ज्याची वाट बघत होती तेच हे. पण वाढदिवसाला नको असलेली साडी मिळावी तसं तिला झालं.

"सही नको," ती म्हणाली. "आता लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळ खोडायची."

"म्हणजे मला विचारायचंच नाही?"

"विचारलं की. दोन महिने विचारतेय. तुझं मत मला हवंच आहे रे, जेवताना हवं, झोपताना हवं. परवानगी नको."

त्याचं तोंड उतरलं. तो भांडणारा नव्हता. दोन महिने 'बघू'च्या मागे लपलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं. "पण आईला काय वाटेल?"

आई चार हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. या सगळ्या दिवसांत त्यांच्या नावाने फॉर्म अडला होता, आणि त्यांना मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. भिंगताईनेही नाही. सासूबाई काय म्हणतील ते आपल्याला ठाऊक आहे, असं तीही धरून चालली होती. न वाचताच बरोबरची खूण केली होती.

सासूबाईंनी मांडीवरचे मटार पातेल्यात सोडले. उठल्या, गुडघ्याला हात लावून. सुनेच्या कानामागची लाल पेन्सिल काढली आणि फॉर्मवर वाकल्या.

"कुठली ओळ?"

भिंगताईने बोट दाखवलं. सासूबाईंनी त्या ओळीवर रेघ ओढली. वाकडी, वरच्या पत्त्यातही घुसलेली, पण जाडजूड.

"अगं आई..."

"मीही गेले होते दवाखान्यात, माझ्या वेळी," त्या म्हणाल्या. "तिघं झाली होती, अंगात जीव राहिला नव्हता. तेव्हाच्या कागदावरही असंच होतं. तुझे बाबा 'बघू' म्हणाले. चांगला माणूस होता, हात उगारला नाही कधी. फक्त 'बघू' म्हणाला. त्या 'बघू'मधून तू झालास."

नवरा हातातलं पेनाचं टोपण फिरवत राहिला. सासूबाईंनी ते त्याच्या हातून घेतलं, पेनाला बसवलं, पेन त्याच्या खिशाला लावलं आणि खिसा थोपटला, शाळेत धाडताना थोपटायच्या तसा.

"तू मला नको होतास, राजा. आलास आणि सगळ्यांत लाडका झालास, म्हणून इतकी वर्षं हे तोंडातून काढलं नाही. पण लाड वेगळे आणि विचारणं वेगळं. अंग माझं होतं, आणि विचारलं तुझ्या बापाला."