पंपाचं भूत आणि कमांडरसाहेबांचं वजन

भाईंदर पूर्वेच्या त्या पंपांच्या कारखान्यात सकाळपासून झुंबड उडाली होती. तपासणीला लावलेला नवा पंप महिनाभर थडथडत होता, आणि आज मांत्रिक शांतिबाबांनी मंत्र पुटपुटताच तो गरीब गाय झाला होता.

"प्रेत बंध गया!" बाबा गरजले. माना डोलल्या. पंपाच्या लोखंडी बैठकीच्या कोपऱ्यावर, बाबांनी नेमून दिलेल्या जागी, हात जोडून उभे होते कंपनीचे प्रमुख, नौदलातून निवृत्त झालेले कमांडर गोवर्धन सुर्वे.

उभी हयात जहाजांच्या इंजिनांत घालवलेला हा माणूस. चहाच्या वेळी 'विज्ञान, विज्ञान' करून कामगारांना पिडायचा. पण माल वेळेत जाईना, तेव्हा बुडत्याला काडीचा आधार. मोठ्यांची अक्कल नेमकी अडचणीतच रजेवर जाते.

"लेकिन भूत वापस येईल," बाबा म्हणाले, "जोवर त्या विधवेचा हात मशीनला लागतोय!"

बोट अनसूयाकडे होतं. जवळच्या मुर्धा गावची अनसूया पंप चालवून तपासायची. नवरा गेल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं.

"साहेब, माजा काय गुना? पोरांना काय घालू?"

साहेबांना तिच्याकडे बघवेना. "उद्यापासून तू... बघू," ते पुटपुटले. तेवढ्यात पेढ्यांचं ताट आलं आणि डॉक्टरांनी बंद केलेल्या पेढ्यासाठी साहेब खाली उतरले. पंप थडथडला.

"बघा! तिची सावली पडली!" बाबा ओरडले.

साहेब घाबरून परत चढले. पंप शांत. उतरले. थडथड! हातातला पेढा ताटात परत गेला. त्यांनी पंप बंद करायला लावला आणि वाकून पाहिलं. बैठकीचा तो कोपरा चौथऱ्याला टेकतच नव्हता. खाली नखभर, वजन पडलं की मिटणारी फट होती. काल बाबा अनवाणी फिरून 'प्रेताची जागा' चाचपत होते ती हीच. आणि तिथे त्यांनी कारखान्यातला सर्वांत वजनदार भक्त उभा केला होता.

गप्प बसले असते तर साहेबांची अब्रू वाचली असती आणि अनसूयाची नोकरी गेली असती. ते खाकरले. "मंडळी, चमत्कार माझ्या पोटाचा आहे. बाबा, पंप चालू करतो. मी खालीच थांबतो. म्हणा मंत्र!"

बाबांनी घसा फुटेस्तोवर मंत्र म्हटला. पंप थडथडतच राहिला. मग बाबा चपला शोधू लागले.

साहेबांनी पंप थांबवून फटीत पत्र्याची पट्टी सारली, बोल्ट आवळला. पंप पुन्हा चालू केला तो अनसूयानेच, आणि तो निमूट चालला.

"साहेब," ती म्हणाली, "हात जोडाच्या आधी वाकून बगाचा व्हता ना!"

साहेबांनी पेढ्यांचं ताट तिच्यापुढे धरलं. मंडळी, आपण तरी कुठे आधी वाकून बघतो? यंत्र थडथडलं तर यंत्र तपासावं, बाईचं कपाळ नव्हे.