पडद्यावरचे हात

बसा जरा, चहा निवू द्या. आपल्या किल्लीवाल्याची गोष्ट सांगतो. त्याचं काय चुकलं, ते तुम्हीच ठरवा.

दोघी सख्ख्या बहिणी त्याच्या टपरीवर आल्या. पहिलाच सिनेमा काढत होत्या, चोरीचा, अन् खिसा फाटका. "काका, आमच्या हिरोला कुलूप उघडता येत नाही. तुमचे नुसते हात द्या." यानं दिले.

सिनेमा लागला तसा बायकोला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. गाणं नाही, मारामारी नाही. एक जिना, एक बंद दार अन् कुठंतरी ठिबकणारा नळ. तेवढ्यावर पोरींनी माणसं खुर्चीला खिळवली! मग पडदाभर याचे हात. डाव्या हाताचं तुटकं बोट लख्ख दिसलं.

बायकोनं कोपर मारलं. "अहो, बोट दिसतंय! उद्या कोण घरात घेईल तुम्हाला?"

"गप गं. बघू दे."

पण त्याचाही जीव टांगणीला. पुढच्याच रांगेत शाळेतल्या बाई होत्या. गेल्या महिन्यात त्यांचं दागिन्यांचं कपाट यानंच उघडून दिलेलं.

पडद्यावर कुलूप खट् झालं. घरमालकाची पावलं जिन्यात वाजायला लागली. अन् चोराचा हात दारापाशी थबकला.

चाळीस वर्षांची खोड हो ती! कुलूप आपण काढायचं, दार ज्याचं त्यानं ढकलायचं. शूटिंगला हात आपोआप अडला, तेव्हा हा ओशाळला होता. "चुकलं, पुन्हा घ्या." थोरली म्हणाली, "नको काका, असंच हवंय."

पावलं वर येतायत, हात हलेना. "ढकल की मेल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. पुढं काय होतं ते ठाऊक असूनही किल्लीवाल्याला घाम फुटला.

दिवे लागले, टाळ्या पडल्या. बाई वळल्या. आधी त्याच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"छान झालं हो काम. श्वासच अडकला माझा."

चार दिवसांनी त्यांच्या दाराला नवं कुलूप दिसलं. दुसऱ्या कुणाकडून तरी बसवलेलं. हा रस्त्यातच थांबून बघत राहिला.

"बसवलंय नीट," घरी येऊन बायकोला म्हणाला. "पोरींनी चोर इतका खरा दाखवला, त्याला बाई तरी काय करणार?"

महिना झाला. टपरीवर किल्ल्या घासून घ्यायला येतात लोक, घरी कुणी बोलवत नाही.

सिनेमा बघा, जरूर बघा. अन् कधी तुमचं दार अडकलं, तर तेवढं त्यालाच बोलवा.